पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आम्ही आजवर दुसऱ्यांविषयीच वापरीत आलो. बदलीच्या नोकरीतले शेजारी, दर दोन वर्षांनी भाड्याचे घर बदलणारे नातलग यांच्याविषयी बोलताना ती सहज तोंडी येई. आपण मात्र सात-आठ पिढ्या इंदूरसारख्या एकाच शहरात टिकून आहोत, असा सूक्ष्म अभिमानही तिच्यामागे असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. तीच म्हण ६७ व ७१ या वयात आम्हा उभयतांना अक्षरशः लागू पडावी, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर पाठीवर एकेक पिशवी अडकवून आम्ही अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये, पाच रात्री काढल्या. त्याही हॉटेलात नव्हे, तर तरुण प्रवासी उतरतात अशा एका स्वस्त वसतिगृहात, एकावर एक रचलेल्या खाटांवर.

या प्रवासाला कारण आमची नात इरा. आमचा मुलगा गेली २३ वर्षे ब्राझीलमधील साओ पावलो येथे नोकरीनिमित्त राहतो. सून तिकडचीच. इरा २० वर्षांची, इतिहासाची विद्यार्थिनी. पोर्तुगीज तिची मातृभाषा, इंग्रजी शाळेत शिकलेली, स्पॅनिश शेजारच्या देशांची म्हणून आपसूक आलेली. मराठी मात्र तिला ऐकून थोडीफार कळते, बोलता येत नाही. ‘आजी’, ‘आजोबा’, ‘नको’, ‘पुरे’, ‘गरम आहे’ एवढ्या भांडवलावर तिचा व आमचा संवाद चाले. उरलेले सारे इंग्रजीत. याचे आम्हाला दुःख होते, आणि ते दुःख आम्ही फार शहाणपणाने बाळगले असे म्हणता येणार नाही. त्या दिवाळीत मुलाच्या घरी जेवता जेवता आम्ही त्याला बोललो, “दोनशे-अडीचशे वर्षे माळव्यात राहून आपल्या घराण्याने भाषा टाकली नाही, आणि तुला वीस वर्षे ती सांभाळता आली नाही!” मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. इराला शब्द कळले नसतील, पण रोख कळला असावा. ती आपले ताट उचलून आत निघून गेली.

चार दिवसांनी तिनेच आमच्यापुढे प्रस्ताव मांडला. तिच्या आईचे पणजोबा इटलीतून निघाले ते आधी ब्युनोस आयर्सला उतरले आणि काही वर्षांनी ब्राझीलला गेले, अशी त्यांच्या घरातली गोष्ट. तिचा माग काढायला इरा तिकडे निघाली होती. “तुम्ही दोघे माझ्याबरोबर चला,” ती म्हणाली, “पण माझ्या पद्धतीने. मोठ्या बॅगा नाहीत, टॅक्सी नाही, सहल कंपनी नाही.” मुलाने आमच्या गुडघ्यांची काळजी बोलून दाखवली. बहुधा त्यामुळेच आम्ही तत्काळ होकार दिला.

साओ पावलोहून सुमारे तीन तासांच्या विमानप्रवासानंतर आम्ही उतरलो तो विमानतळ अगदी नदीकाठी आहे. या नदीचे नाव रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी. पण पाणी पाहावे तर पावसाळ्यात ओंकारेश्वरला नर्मदेचे असते तसे गढूळ, तपकिरी. पैलतीर दिसत नाही. दिसत नसलेला तो काठ उरुग्वे या दुसऱ्या देशाचा आहे. नदीला नमस्कार करण्याची सवय हाताला आहे, तो आपोआप जोडला गेला. इराने विचारले, “ही पण पवित्र आहे का?” आम्ही म्हणालो, “नदी आहे ना, मग झाले.”

शहरात शिरताच आम्ही थक्क झालो ते रस्त्यांच्या रंगाने. दुतर्फा नीलमोहर फुलला होता, आणि खाली पदपथावर गळलेल्या फुलांचा जांभळा सडा पडला होता. आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या आवारात, जुन्या बंगल्यांपुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणारे हे झाड आम्ही जन्मभर आपले समजत आलो. आमच्यापैकी एकाची हयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली आहे. त्यामुळे हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे, हे पुस्तकी ज्ञान घरात होते. पण पुस्तकातले मूळ गाव डोळ्यांनी पाहणे निराळे. या शहराच्या उद्यानांची जबाबदारी १८९१ मध्ये कार्लोस ताइस या फ्रान्समध्ये जन्मलेल्या उद्यानरचनाकाराकडे आली, आणि उत्तरेकडच्या रानातला नीलमोहर त्याने राजधानीच्या रस्त्यांवर आणला. म्हणजे झाडही या शहरात पाहुणेच, आणि लावणाराही बाहेरचाच. आता मात्र नोव्हेंबर आणि नीलमोहर यांवाचून येथील लोकांना आपले शहर आठवत नाही.

आमचा मुक्काम सान तेल्मो या जुन्या भागात होता. अरुंद फरसबंद रस्ते, उंच दारे, लोखंडी नक्षीचे सज्जे. एके काळी येथे धनिकांच्या हवेल्या होत्या. १८७१ मध्ये पीतज्वराची भयंकर साथ आली, तेव्हा श्रीमंत कुटुंबे शहराच्या उत्तरेस निघून गेली, आणि त्यांच्या रिकाम्या वास्तूंत बोटींनी येणारी गोरगरीब माणसे भरली. मध्ये चौक, भोवती खोल्या, एका खोलीत एक बिऱ्हाड, पाण्याची जागा सामाईक. एका खोलीत जेनोआचा हमाल, दुसरीत स्पेनच्या गॅलिसियातली धुणेवाली, तिसरीत पोलंडचा शिंपी, चौथीत सीरियाचा फेरीवाला. १९१४ च्या जनगणनेच्या वेळी या शहरातले जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. आमचे वसतिगृहही अशाच एका जुन्या वास्तूत होते. चौकात उभे राहून वर पाहिले आणि आम्हाला आमच्या लहानपणचा, भाडेकरूंनी गजबजलेला वाडाच आठवला. उणीव फक्त तुळशीवृंदावनाची.

आमच्या खोलीत सहा खाटा होत्या. एका जर्मन मुलाने आम्हाला पाहताच आपली खालची खाट रिकामी करून दिली व माकडासारखा वर चढून बसला. आमच्यापैकी एकाच्या घोरण्याविषयी आम्ही इराकरवी आगाऊ क्षमा मागितली. सकाळी त्या मुलाने सांगितले की घोरणारे दोघे होते. संसाराच्या ४४ वर्षांत जो वाद मिटला नव्हता, तो परक्या साक्षीदाराने एका रात्रीत मिटवला.

या शहराची भाषा स्पॅनिश आहे, पण स्पेनमधील मंडळी ती ऐकून पूर्वीपासून नाक मुरडत आली आहेत, असे इराने सांगितले. ‘तू’साठीचा इथला शब्द निराळा, क्रियापदांची रूपे निराळी, चालीला इटालियन हेल. ‘काम’ याला रस्त्यावरचा शब्द ‘लाबुरो’, तो इटालियन ‘लाव्होरो’वरून आलेला. निरोप घेताना ‘चाव’ म्हणतात, तोही इटालियनच. इटलीहून आलेल्या पहिल्या पिढीची धेडगुजरी बोली ‘कोकोलिचे’ या नावाने ओळखली जाई, आणि नाटकांतून तिची टवाळी होई. ती बोली त्या पिढीबरोबर गेली. तिचे शब्द मात्र शहराच्या तोंडी राहिले, आणि टँगोच्या गाण्यांतून प्रतिष्ठितही झाले.

हे ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुण्याच्या लग्नकार्यात आमच्या तोंडून ‘चहा घेऊन घ्या’ असे निघाले की मागे पोरीबाळी हसतात, हे आम्ही उभयतांनी आयुष्यभर सोसले आहे. ‘तुमचं मराठी गोड आहे हं’ या वाक्यातील ‘गोड’ शब्दाची धार बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. आणि तेच आम्ही, इराने कधी ‘मला नको आहे’ऐवजी ‘मी नको’ म्हटले की तिला तीनदा दुरुस्त करीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यापैकी एक जण मोठ्या धीराने एकटाच कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेला. शाकाहाऱ्यांचे या देशात हाल होतात. गोमांसाचे निखारे गल्लोगल्ली पेटलेले. दोन वेळा आम्ही मक्याच्या सारणाच्या ‘एम्पानादा’ खाऊन काढल्या, ज्या दिसायला थेट आपल्या करंजीसारख्या. एकदा जेनोआवाल्यांनी आणलेली ‘फाइना’ खाल्ली; ती हरभऱ्याच्या पिठाची निघाली, आणि जाड धिरड्याशी तिचे नाते जडायला वेळ लागला नाही. तरीही बटाट्याच्या भाजीची ओढ लागलीच. वसतिगृहात सामाईक स्वयंपाकघर होते. पोर्तुगीजमध्ये बटाट्याला ‘बताता’च म्हणतात, हे इराकडून कळलेले होते. तेव्हा हा शब्द इथेही चालेल असे गृहीत धरून आमच्यातील त्या शूराने एक किलो ‘बताता’ मागितला, आणि एक किलो रताळी घेऊन परत आला. अर्जेंटिनात बटाट्याला ‘पापा’ म्हणतात. ‘बताता’ म्हणजे रताळे.

इरा इतकी हसली की चौकातली इतर मुले बाहेर आली. मग रताळ्यांचा कीस होईपर्यंत शब्दांचा खेळ सुरू झाला. इंदूरच्या बाजारात आम्ही ‘आलू’ म्हणतो आणि घरात ‘बटाटा’. तो घरचा शब्द पोर्तुगीजांबरोबर कोकण किनाऱ्याला लागला आणि तेथून आमच्या पूर्वजांच्या शिदोरीत माळव्यात आला. ‘चावी’ला इरा ‘शावी’ म्हणते, ‘काजू’ला ‘काजू’च म्हणते. ‘पगार’ ऐकून तिला नवल वाटले, कारण तिच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पैसे चुकते करणे’. ‘बालदी’ ऐकून तिने कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवले. “म्हणजे मी लहानपणापासून थोडे मराठी बोलतच होते,” ती म्हणाली. आमच्यातील एकीने उत्तर दिले, “किंवा आम्ही थोडे पोर्तुगीज.” हे शब्दकोशातले समाधान आहे, त्याने संवादाची भूक भागत नाही, हे आम्हालाही कळत होते. पण त्या सकाळी रताळ्याचा कीस फार छान लागला.

दुपारी भुयारी रेल्वे व मग पायपीट करीत आम्ही बंदराजवळच्या ‘ओतेल दे इन्मिग्रांतेस’ या इमारतीत गेलो. नाव हॉटेल असले तरी ती होती सरकारी धर्मशाळा. १९११ पासून १९५३ पर्यंत बोटीतून उतरलेल्या गरीब स्थलांतरितांना येथे पाच दिवस फुकट राहायला व जेवायला मिळे; आजारी पडलेल्यांना किंवा काम न मिळालेल्यांना अधिक. आवारातच काम शोधून देणारी कचेरी होती. आता तेथे संग्रहालय आहे. प्रचंड मोठे भोजनगृह, उंच खिडक्या, पांढऱ्या फरशा. पाच दिवस! आपले गाव कायमचे सोडून आलेल्या माणसाला नव्या जगात मिळालेला अवधी. सहाव्या दिवशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडायचे, आणि समोर जी भाषा बोलली जाते आहे ती आपली करायची.

तेथल्या एका बाकावर बसून इराने आपल्या फोनवर बोटींच्या उतारूंच्या जुन्या नोंदी चाळल्या. नाव, वय, धंदा, बोट, निघण्याचे बंदर अशी ती यादी. तिला हव्या त्या आडनावाची तीन माणसे सापडली. तिघेही मजूर, तिघेही जेनोआहून निघालेले, आणि आडनाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले. त्यातला आपला कोणता हे कळायला मार्ग नव्हता. तिने तिघांचीही नावे वहीत उतरवून घेतली. मग आमच्याकडे वळून विचारले, “आपल्या घराची अशी यादी आहे का?”

आमची कळी खुलली. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यांकडील वह्यांचे वर्णन आम्ही दोघांनी मिळून केले. लांबट चोपड्या, जुनी पाने मोडीत, पुढची बाळबोध. कोणत्या शकात कोण यात्रेला आला, त्याचा बाप कोण, भाऊ कोण, मुलगे कोण. मूळ गाव वाई प्रांतातले. होळकरांच्या राज्यात चाकरीस गेल्यापासून ‘हल्ली मुक्काम इंदूर’. आम्ही आठ पिढ्यांची नावे तोंडपाठ म्हणून दाखवली. इरा लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने अगदी सहज विचारले, “माझे नाव आहे त्यात?”

आम्ही म्हणालो, “पुढच्या वेळी गेलो की घालायचे आहे.”

हे उत्तर खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. २०१९ मध्ये आम्ही त्र्यंबकेश्वरी गेलो होतो. वही उघडून उपाध्यायांनी विचारले होते, “चिरंजीवांना अपत्य?” इरा तेव्हा १५ वर्षांची होती. आम्ही क्षणभर थांबलो, आणि म्हणालो, “ते लोक परदेशात असतात. पुढे पाहू.” मुलींची नावे पूर्वी घालत नसत, ही सबब आम्ही मनाशी तयार ठेवली होती. खरे कारण ते नव्हते. मुलाने न विचारता केलेले लग्न, मराठी न येणारी सून, मराठी न बोलणारी नात, या सगळ्यांवरचा राग आम्ही एका लांबट चोपडीतल्या रिकाम्या ओळीत ठेवून आलो होतो. त्याविषयी आम्ही आपसांतही कधी बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी वसतिगृहाकडे परतताना आम्ही दोघे फार गप्प होतो, आणि इराला वाटले आमचे पाय दुखताहेत.

तिसरा दिवस गुरुवार होता. दुपारी साडेतीनला इराने आम्हाला प्लासा दे मायो या मुख्य चौकात नेले. राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोरचा हा चौक. मध्ये एक पांढरा स्तंभ, आणि त्याभोवती फरशीवर डोक्याला बांधायच्या पांढऱ्या रुमालांची चित्रे. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने येथे सत्ता बळकावली. पुढे १९८३ पर्यंत हजारो माणसे, बहुतेक तरुण, घरांतून, रस्त्यांवरून उचलून नेली गेली आणि परत आली नाहीत. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये ८,९६१ जणांची नोंद केली. मानवाधिकार संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारायला ३० एप्रिल १९७७ रोजी १४ स्त्रिया या चौकात जमल्या. जमावाने उभे राहण्यास बंदी होती. पोलीस म्हणाले, चालत्या व्हा. तेव्हा त्या दोघी-दोघींनी हात धरून स्तंभाभोवती चालू लागल्या. पुढे ओळख म्हणून त्यांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधले. आरंभी ते मुलांच्या बाळपणीच्या लंगोटांचे कापड होते. या मातांच्या पहिल्या पुढारी आसुसेना व्हिजाफ्लोर यांनाही १९७७ च्या डिसेंबरात उचलून नेण्यात आले. त्यांचे अवशेष २००५ मध्ये ओळखू आले, आणि रक्षा याच स्तंभापाशी पुरलेली आहे. चालणे मात्र थांबले नाही. तेव्हापासून दर गुरुवारी ते चालू आहे.

आम्ही पाहिले तेव्हा त्या मूळच्या मातांपैकी अगदी थोड्या उरल्या होत्या. एक चाकांच्या खुर्चीत होत्या. बाकीचे चालणारे त्यांचे नातलग, विद्यार्थी, आमच्यासारखे वाटसरू. कोणीतरी ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव वाचत होते, आणि प्रत्येक नावानंतर सगळा घोळका एका आवाजात म्हणत होता, “प्रेसेन्ते!” म्हणजे, हजर.

आम्ही उभयतांनी मिळून ७० वर्षांहून अधिक काळ वर्गात हजेरी घेतली आहे. नाव पुकारले आणि उत्तर आले नाही की पुढच्या नावाकडे जायचे, समोर एक लहानशी फुली मारायची, हे आमच्या बोटांना ठाऊक आहे. येथे फुली मारायला कोणी तयार नव्हते. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या वतीने इतरांनी उत्तर द्यायचे, असा यांचा नियम. चार-पाच नावे झाल्यावर इराही म्हणू लागली. पुढे आम्हीही म्हटले. उच्चार चुकीचा असेल, पण कोणी दुरुस्त केला नाही.

मग इराने आज्यांची गोष्ट सांगितली. पकडून नेलेल्या तरुणींपैकी काही गरोदर होत्या. बंदिवासात त्यांची बाळंतपणे झाली. मुले खोट्या कागदपत्रांनिशी दुसऱ्या घरांत, पुष्कळदा लष्करी कुटुंबांत, देऊन टाकण्यात आली, आणि आया नाहीशा झाल्या. अशी सुमारे ५०० बाळे असावीत, असा त्यांच्या आज्यांच्या संघटनेचा अंदाज आहे. आईबाप हयात नसताना, केवळ आजी-आजोबांच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का, असा प्रश्न त्यांनी शास्त्रज्ञांना घातला. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ स्त्रीने व तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास ती पद्धत बसवली, आणि १९८७ मध्ये सरकारने कायदा करून कुटुंबांच्या रक्तनमुन्यांची राष्ट्रीय पेढी स्थापली. आम्ही तेथे होतो तोवर १३७ नातवंडांचा शोध लागला होता. २०२५ च्या जुलैपर्यंत ही संख्या १४० झाली.

संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो या मूळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांची मुलगी लाऊरा १९७८ मध्ये मारली गेली. तिला बंदिवासात मुलगा झाला होता व तिने त्याचे नाव गिदो ठेवले होते, एवढेच त्यांना कळले. ३६ वर्षे त्या या नावाने नातवाला शोधत राहिल्या. २०१४ मध्ये एका संगीतकाराने आपल्या जन्माविषयी शंका आली म्हणून स्वतःहून रक्त तपासून घेतले, आणि तोच त्यांचा नातू निघाला. त्याने आजीचे आडनाव लावून घेतले. नाव मात्र ज्याने तो वाढला तेच, इग्नासिओ, ठेवले. आजीने इतकी वर्षे जपलेल्या नावाने तो वावरत नाही. आजीला तो हवा होता, आणि तो मिळाला.

दुसऱ्यांच्या एवढ्या मोठ्या दुःखातून आपल्या घरगुती दुखण्याचे औषध काढणे बरे दिसत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. तेथील नावे पुसली ती बंदुकीच्या धाकाने. आमच्याकडे तसे काही घडलेले नाही. पण त्याच कारणाने आमची मान खाली गेली. कोणतीही सक्ती नसताना, समोर वही उघडी असताना, उपाध्याय लेखणी धरून बसलेले असताना, आम्ही आमच्या नातीचे नाव सांगितले नव्हते.

शुक्रवारी महिन्याची २९ तारीख होती. या दिवशी तेथे घरोघर बटाट्याच्या छोट्या उकडलेल्या गोळ्या, ‘न्योकी’, करण्याची रीत आहे. हीही इटालियन लोकांनी आणलेली. महिनाअखेर पगार संपलेला असतो, म्हणून हे स्वस्त जेवण. आणि पुढचा महिना बरा जावा म्हणून ताटाखाली एक नोट ठेवायची. २०२३ मध्ये ज्या देशात महागाई २०० टक्क्यांच्या वर गेली, तेथे ही नोट किती भाबडी वाटावी! तरी आम्हीही ठेवली. या खेपेस ‘पापा’ मागून बटाटेच आणले होते.

जेवताना आमच्यापैकी एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने पूर्ण केले. २०१९ सालची गोष्ट आम्ही इराला जशीच्या तशी सांगितली. इंग्रजीतूनच सांगावी लागली, आणि कदाचित त्यामुळेच सांगता आली. ती बराच वेळ काही बोलली नाही. काट्याने ताटातली एक गोळी इकडून तिकडे ढकलत राहिली. मग म्हणाली, “मला वाईट वाटले. ते लगेच जाणार नाही.” आम्ही ‘हो’ म्हटले. समजूत घालण्याचा अधिकार त्या वेळी आमच्याकडे नव्हता.

शनिवारी ती आमच्याबरोबर बोलली, पण मोजके. रविवारी निघण्यापूर्वी सान तेल्मोच्या रस्त्यावर जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरला होता; चांदीचे चमचे, मोडकी घड्याळे, कोणाकोणाच्या घरातली छायाचित्रे. अनोळखी लग्नांच्या, अनोळखी बारशांच्या त्या तसबिरी चाळता चाळता तिने एकदम आपली वही काढली. ज्या पानावर त्या तीन इटालियन मजुरांची नावे होती, त्याच्या समोरचे पान उघडले आणि म्हणाली, “आठ नावे परत सांगा. हळू सांगा.” आम्ही सांगितली. तिने ती रोमन लिपीत आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिली. दोन ठिकाणी चुकले होते. आम्ही दुरुस्त केले नाही. बंदरावरच्या कारकुनांनीही तिच्या दुसऱ्या पूर्वजांचे तेच केले होते, आणि तरीही तिने त्यांना शोधून काढलेच.

भारतात परतल्यावर, २०२५ च्या फेब्रुवारीत, आम्ही त्र्यंबकेश्वरी गेलो. उपाध्यायांनी वही काढली. आम्ही न विचारता सुनेचे नाव सांगितले, मग इराचे. सुनेचे नाव बाळबोध लिपीत कसे लिहावे यावर थोडी चर्चा झाली. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर करून विचारले, “गाव कोणते घालू?”

आम्ही वरच्या ओळी पाहिल्या. मूळ गाव वाई प्रांत, हल्ली मुक्काम इंदूर. पणजोबांच्या ओळीत ‘हल्ली मुक्काम इंदूर’, आजोबांच्या ओळीत तेच, वडिलांच्या ओळीतही तेच. आठ पिढ्या झाल्या, आमच्या कोणालाही तो ‘हल्ली’ शब्द खोडावासा वाटला नव्हता.

“मूळ गाव तेच,” आम्ही सांगितले. “हल्ली मुक्काम साओ पावलो, असे घाला.”